बिनतारी जोडणीचे यंत्र : त्याचे दोष आणि त्याचे कुलूप

पावसाची वाट पाहणे आणि तलावाच्या पाण्याची पाळी येण्याची वाट पाहणे, या दोन गोष्टी धान पिकविणाऱ्या आपल्या भागातील शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. अलीकडे त्यांत तिसरीची भर पडली आहे, ती नेट येण्याची वाट पाहण्याची. सातबाऱ्याचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये मिळावयाचे तर ई-केवायसी पाहिजे, आणि आधारभूत किमतीने धान विकावयाचे तर त्याचीही नोंदणी आगाऊ संगणकावर झाली पाहिजे. सारांश, पेरणीपासून चुकाऱ्यापर्यंत असे एकही काम उरले नाही की ज्यास कोठे ना कोठे नेट लागत नाही.

हे नेट आरमोरी तालुक्यातील गावोगावच्या संस्थांच्या, ग्रामपंचायतींच्या व सेवा केंद्रांच्या कार्यालयांत बहुधा एका लहानशा डब्यातून वाटले जाते. लोक त्यास वायफायचा डबा किंवा राउटर म्हणतात. जाणते लोक त्यातील बिनतारी वाटप करणाऱ्या भागास ॲक्सेस पॉइंट म्हणतात. नोंदणीची शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली असावी, व्हरांड्यात पन्नास माणसे कागद हातात धरून बसलेली असावीत, आणि नेमक्या त्याच वेळी डब्याने असहकार पुकारावा, हा अनुभव कोणास नवा नाही. अशा वेळी जो उपाय सर्वांत आधी सुचविला जातो, तोच सर्वांत घातक असतो. तो उपाय म्हणजे, "पासवर्ड काढून टाका, म्हणजे सर्वांना जोडता येईल."

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसुली दफ्तरात गेली. यंत्रविद्येची पदवी त्याच्यापाशी नाही. परंतु दोष शोधावयाचा तर तो क्रमाने शोधावा आणि किल्ली कोणापाशी आहे याची नोंद ठेवावी, या दोन गोष्टी दफ्तरात शिकावयास मिळतात, आणि या यंत्राच्या बाबतीत त्याच दोन गोष्टींची उणीव आढळते. जोडणी बिघडली तर ती कोठे तुटली ते पाहावे. कुलूप काढल्याने तुटलेली जोडणी सांधली जात नाही. एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

कुलूप नसल्याने काय घडते

कुलूप न लावलेल्या यंत्रापासून केवढा अनर्थ ओढवतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडलेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल स्फोटांच्या थोडाच वेळ आधी वृत्तसंस्थांकडे गेला. पोलिसांनी त्याचा माग काढला, तो नवी मुंबईतील सानपाडा येथे एका परदेशी गृहस्थाच्या घरी जाऊन पोहोचला. त्या घरातील बिनतारी यंत्रास पुरेसे संरक्षण नव्हते, आणि भलत्याच माणसाने त्याचा उपयोग करून घेतला होता. गृहस्थांचा त्या कटाशी संबंध नव्हता. पण चौकशीचा ससेमिरा त्यांच्या मागे लागावयाचा तो लागलाच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या, आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या बिनतारी जोडणीतून अशाच प्रकारचे ईमेल पाठविण्यात आले. पुढे २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघडी यंत्रे शोधून काढण्याची मोहीम हाती घेतली.

दुसरे उदाहरण ब्राझील देशातील आहे. तेथे २०११ च्या सुमारास चोरांनी घरोघरच्या सुमारे ४५ लाख यंत्रांतील एक आकडा हळूच बदलून ठेवला. त्यामुळे लोक आपल्या बँकेचे पान उघडू जात आणि उघडे ते चोरांनी बनविलेले हुबेहूब खोटे पान. मोबाइल वा संगणक यांत काहीही दोष नव्हता. दोष डब्यात होता, आणि तेथे पाहण्याचे कोणाच्या मनात येत नव्हते. ज्या कार्यालयात दिवसभर आधार क्रमांक, बँकेचे खाते व ओटीपी यांचीच देवघेव चालते, तेथे या उदाहरणाचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही.

यंत्राची रचना : तलावाच्या दृष्टांताने

आपल्याकडील मामा तलावाचा दृष्टांत घेतला असता या यंत्राची रचना चटकन ध्यानात येते. तलावात पाणी असते, पाळीतील तुडुमातून ते बाहेर पडते, पाटाने वाहते आणि शेवटी बांधीत उतरते. नेटचेही तसेच आहे. दूर कोठे तरी साठा आहे. तेथून काचेच्या तंतूची तार गावापर्यंत येते. केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केलेली आणि पुढे भारतनेट या नावाने चाललेली योजना अशाच तारा ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यासाठी आहे. तार जेथे संपते तेथे एक डबा असतो. तो तारेतील प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. त्यास ओएनटी म्हणतात. त्याच्यापुढे राउटर असतो. तो प्रत्येक मोबाइलास एकेक क्रमांक देऊन वाटणी करतो. आणि त्याच्याही पुढे बिनतारी भाग, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, जो हवेतून लहरी सोडतो. पुष्कळदा हे तिन्ही भाग एकाच डब्यात असतात. पण काम तिघांचे निराळे, आणि दोषही निराळे.

बांधीत पाणी आले नाही म्हणून शहाणा शेतकरी बांधीचा धुरा फोडीत नाही. तो आधी तलावात पाणी आहे काय ते पाहतो, मग तुडूम, मग पाट. त्याच क्रमाने येथेही जावे.

दोष कोठे आहे, हे कसे ओळखावे

पहिली तपासणी विजेची. डब्यावरील पहिला दिवा लागला आहे काय ते पाहावे. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, असे होत असल्यास यंत्राचा दोष धरू नये. बहुधा भिंतीतील अडॅप्टर थकलेला असतो किंवा विजेचा दाब कमी-जास्त होत असतो. अडॅप्टर बदलावयाचा झाल्यास डब्यावर लिहिलेल्या व्होल्टचाच घ्यावा. अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतात, पण व्होल्ट अधिक झाल्यास डबा जळतो. वीज वारंवार जात असल्यास लहान यूपीएस बसवावा. मृगाच्या व परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. ती पुरवठ्याच्या तारेतून येते.

दुसरी तपासणी तारेची. ओएनटीवर एलओएस असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला की गावाबाहेरून येणारा प्रकाश थांबला असे समजावे. रस्त्याच्या खोदकामात तार तुटणे, झाडाची फांदी पडणे, उंदराने कुरतडणे, ही त्याची नित्याची कारणे होत. अशा वेळी कार्यालयातील कोणतीही मांडणी बदलून उपयोग नाही. नेट पुरविणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

तिसरी तपासणी अशी, की संगणक तारेने थेट राउटरास जोडून पाहावा. तारेने नेट चालते आणि हवेतून चालत नाही, तर दोष बिनतारी भागात आहे. तारेनेही चालत नाही, तर तो त्याच्या मागे आहे. या एका प्रयोगाने निम्मे काम होते, आणि त्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

चौथी तपासणी बिनतारी लहरींची. या लहरी पाणी, ओली पाने, जाड भिंत आणि लोखंड यांना बिचकतात. लोखंडी कपाटावर, पत्र्याच्या छपरास टेकून किंवा धानाच्या पोत्यांच्या थप्पीमागे डबा ठेवल्यास व्हरांड्यापर्यंत लहर पोहोचत नाही. तो माणसाच्या डोक्याहून उंच, मोकळ्या जागी, लोक बसतात त्या बाजूच्या भिंतीवर असावा. लहरींचे मुख्य पट्टे दोन आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झचा, तो दूरवर जातो पण मंद. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. तो वेगवान पण भिंतीपाशी थबकणारा. कार्यालयातील संगणकास दुसरा व व्हरांड्यास पहिला, अशी विभागणी सोयीची पडते. पहिल्या पट्ट्यात १, ६ व ११ हे तीनच मार्ग असे आहेत की जे एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारच्या दुकानाचा डबा ६ वर असेल, तर आपला १ किंवा ११ वर ठेवावा. एकाच पाटात दोन गावांचे पाणी सोडल्यासारखी गर्दी त्यामुळे टळते.

पाचवी तपासणी पासवर्डाची. यंत्राचे नाव दिसते, पण पासवर्ड नाकारला जातो. येथे कुलूप दोषी ठरविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. मोबाइलची कळफलक भाषा मराठीवर राहिलेली नाही ना. पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत पडलेले नाही ना. आणि मोबाइलात जुना पासवर्ड साठून राहिलेला नाही ना. तिसऱ्या गोष्टीस उपाय असा, की मोबाइलातील त्या नावावर बोट ठेवून ते विसरण्याची आज्ञा द्यावी व पुन्हा नव्याने जोडावे.

सहावी तपासणी क्रमांकांची. पुष्कळ घोटाळे येथेच होतात. जोडणी झाली असे मोबाइल सांगतो, आणि नेट मात्र नाही. संगणकावर पाहिले असता त्यास १६९.२५४ ने आरंभ होणारा क्रमांक मिळालेला दिसतो. याचा अर्थ, राउटराने त्यास क्रमांक दिलाच नाही व त्याने स्वतःच एक लावून घेतला. याची कारणे दोन. एक कारण गर्दी. राउटराच्या यादीत १०० क्रमांक असले आणि प्रत्येक क्रमांक २४ तासांसाठी दिला जात असला, तर सकाळी येऊन गेलेल्या माणसाचा क्रमांकही दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो, आणि दुपारी आलेल्या एकशे एकाव्या माणसास मिळत नाही. नोंदणीच्या दिवसांत ही मुदत एक-दोन तासांची करावी.

दुसरे कारण असे, की व्हरांड्यात लहर पोहोचत नाही म्हणून कोणी तरी घरचा जुना राउटर आणून मधे जोडतो. आता दोन्ही यंत्रे क्रमांक वाटू लागतात. एका गावात दोन तलाठी नेमले आणि दोघांनीही आपापल्या मर्जीने गट क्रमांक दिले, तर एकाच क्रमांकाचे दोन कब्जेदार उभे राहतील. तोच प्रकार येथे होतो. शिवाय दोन्ही यंत्रांचा स्वतःचा क्रमांक पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा एकच असतो. उपाय सोपा आहे. दुसऱ्या यंत्रातील क्रमांक वाटण्याची सोय, जीस डीएचसीपी म्हणतात, ती बंद करावी. त्या यंत्रास १९२.१६८.१.२ असा निराळा, व पहिल्याच्या वाटपाच्या यादीत नसलेला, क्रमांक द्यावा. आणि पहिल्या यंत्रातून आलेली तार त्याच्या वॅन नावाच्या भोकात न घालता लॅन नावाच्या भोकात घालावी. मग ते निव्वळ ॲक्सेस पॉइंट म्हणून मुकाट्याने काम करते.

सातवी तपासणी तारखेची. संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली म्हणजे त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. अशा संगणकावर सरकारी पाने उघडू गेल्यास ती असुरक्षित असल्याचा इशारा येतो. कारण प्रत्येक पानाच्या प्रमाणपत्रास मुदत असते, आणि चुकीच्या तारखेने ती जुळत नाही. घड्याळ नीट करावे, बॅटरी बदलावी. तारीख बरोबर असूनही असा इशारा आला, तर तो डावलून पुढे जाऊ नये. ब्राझीलचे उदाहरण आठवावे.

आठवी तपासणी करण्यापूर्वी दुसरी एक-दोन पाने उघडून पाहावीत. ती उघडतात आणि नोंदणीचे तेवढेच उघडत नाही, तर गर्दी तिकडच्या टोकास आहे. आपला डबा बंद-चालू करीत बसण्यापेक्षा पहाटे किंवा रात्री उशिरा काम उरकणे बरे. ई-पीक पाहणीची छायाचित्रे तर शेतात नेट नसतानाही घेऊन ठेवता येतात व मागाहून पाठविता येतात, हेही पुष्कळांस ठाऊक नसते.

शेवटचा इशारा. डब्याच्या मागे टाचणीने दाबावयाचे एक बारीक बटण असते. ते दाबून धरल्यास यंत्र कारखान्यातून आले त्या स्थितीत जाते, आणि नेट पुरविणाऱ्याने भरून दिलेली नाव-निशाणी पुसली जाते. मग चालणारे नेटही बंद पडते. ती माहिती कागदावर लिहून घेतल्याखेरीज या बटणास कोणी हात लावू नये.

कुलपाचे प्रकार

आता कुलपाकडे वळू. बिनतारी जोडणीचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले, तेव्हा त्याबरोबर डब्ल्यूईपी नावाचे कुलूप आले. २००१ साली फ्लूरर, मँटिन व शामीर या तीन गणितज्ञांनी ते कसे उघडते हे दाखवून दिले. पुढे २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ अशी एकाहून एक बळकट कुलपे आली. यंत्राच्या मांडणीत ही सर्व नावे एका यादीत दिसतात, आणि नेमके कोणते निवडावे ते कळत नाही. तेव्हा असे करावे. पहिली दोन कधीही निवडू नयेत. यंत्र नवे असल्यास डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ यांचे मिश्रण निवडावे, जुने असल्यास डब्ल्यूपीए-२, व त्यापुढे एईएस हा शब्द असावा. टीकेआयपी हा शब्द असलेला पर्याय टाळावा. तो दुबळा तर आहेच, पण त्याने वेगही घटतो, आणि लोक नेट मंद म्हणून ओरडतात. नुसते डब्ल्यूपीए-३ ठेवल्यास आपल्याकडील अनेक जुने मोबाइल जोडले जात नाहीत. एकाचा मोबाइल जोडला जातो व शेजाऱ्याचा जात नाही, तेव्हा हे कारण आधी पाहावे. अशा वेळी मिश्र पर्यायावर यावे. कुलूपच काढून टाकण्याचे कारण नाही.

कुलूप बळकट पण किल्ली उंबरठ्याखाली, असे होऊ नये म्हणून पासवर्डाविषयी थोडे लिहितो. हा पासवर्ड निदान ८ व फार तर ६३ अक्षरांचा असू शकतो. आपल्याकडे बहुधा गावाचे नाव व पुढे १२३, किंवा सचिवाचा मोबाइल क्रमांक ठेवण्याची रीत आहे. मोबाइल क्रमांक दहा आकडी, व आरंभी ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे शक्य असे क्रमांक ४०० कोटी. ही संख्या मोठी भासते. परंतु एखादा मोबाइल जोडला जाताना होणारी देवघेव चोराने एकदा हवेतून टिपली, की तो आपल्या घरी बसून चांगल्या संगणकावर सेकंदास लक्षावधी पासवर्ड लावून पाहू शकतो. त्यास काही तास पुरे होतात. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत सलग लिहावेत. एक शब्द स्वयंपाकघरातला, एक शेतातला, एक जत्रेतला, एक आकाशातला, असे घेतल्यास पाठही होतात व सापडतही नाहीत.

आणखी एक मागचे दार आहे. डब्यावर डब्ल्यूपीएस नावाचे बटण असते. पासवर्ड न टाकता जोडणी व्हावी म्हणून ते केले. त्यात आठ अंकांचा एक गुप्त क्रमांक असतो. आठ अंकांच्या दहा कोटी जोड्या होतात. पण यंत्र तो क्रमांक दोन तुकड्यांत तपासते, आणि शेवटचा अंक नुसता ताळ्याचा असतो. त्यामुळे पहिल्या तुकड्याचे १०,००० व दुसऱ्याचे १,०००, असे ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ च्या डिसेंबरात उघडकीस आले. ही सोय मांडणीत जाऊन बंद करावी.

सर्वांत महत्त्वाचे कुलूप मात्र निराळेच आहे. नेटचा पासवर्ड एक, आणि यंत्राच्या मांडणीत शिरण्याचा पासवर्ड दुसरा. हा दुसरा कारखान्यातून पुष्कळदा ॲडमिन याच शब्दाचा येतो, आणि कोणी बदलीत नाही. तो ज्याच्या हाती आला तो सर्व मांडणी फिरवू शकतो. ब्राझीलमध्ये जो आकडा बदलला गेला, तो अशाच मांडणीतील होता. त्यास डीएनएस म्हणतात; पानाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्याचा तो क्रमांक होय. तेथील यंत्रांच्या आज्ञावलीतही छिद्र होते, म्हणून दोन्ही कामे करावीत. मांडणीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, बाहेरून मांडणीत शिरण्याची सोय बंद ठेवावी, आणि यंत्राच्या कंपनीने सुधारलेली आज्ञावली दिली असल्यास भरून घ्यावी. २०१७ च्या ऑक्टोबरात डब्ल्यूपीए-२ मध्येही एक उणीव सापडली. बेल्जियममधील मॅथी व्हॅनहोफ यांनी ती दाखविली. तिचा उपाय मोबाइलांत, संगणकांत व यंत्रांत सुधारलेली आज्ञावली भरणे हाच होता.

दोन समजुती खोट्या आहेत. यंत्राचे नाव लपविले म्हणजे ते सुरक्षित झाले, ही पहिली. नाव लपविले तरी साध्या साधनाने ते सापडते. फक्त आपल्याच माणसांना जोडताना त्रास होतो. ठरावीक मोबाइलांचीच यादी भरून ठेवली म्हणजे इतरांस प्रवेश नाही, ही दुसरी. मोबाइलाची ती ओळख नक्कल करता येते. उलट २०१९-२० पासूनचे मोबाइल प्रत्येक जोडणीस बनावट ओळख देतात. त्यामुळे यादीतील प्रामाणिक माणूसच बाहेर राहतो, आणि लोक पुन्हा पासवर्ड काढण्याच्या गोष्टी बोलू लागतात.

सर्वांना नेट, पण दफ्तर बंद

कुलूप राखावयाचे आणि व्हरांड्यातील पन्नास माणसांसही नेट द्यावयाचे, हे कसे जुळावे? यासाठी बहुतेक नव्या यंत्रांत पाहुण्यांच्या जोडणीची सोय असते. एकाच डब्यातून दोन नावे निघतात. एका नावावर कार्यालयाचा संगणक व छपाईचे यंत्र, दुसऱ्यावर आलेल्या मंडळींचे मोबाइल. दुसऱ्या नावावरून पहिल्याकडे जाता येत नाही. त्यासही पासवर्ड असावा, तो फलकावर लिहावा व दर महिन्यास बदलावा. पहिल्याचा पासवर्ड मात्र फलकावर येऊ नये. घरगुती प्रतीच्या डब्यावर एका वेळी वीस-पंचवीस मोबाइलांहून अधिक भार घातल्यास तो मंदावतो, म्हणून पाळीपाळीने जोडण्याची शिस्त ठेवावी. पाण्याच्या पाळ्या पाळणाऱ्या आपल्या लोकांस ती नवीन नाही.

ज्यांना गावात मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक नेट पुरवावयाचे असेल, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ९ डिसेंबर २०२० रोजी पीएम-वाणी ही योजना मंजूर केली आहे. तीत एखादा किराणा दुकानदारही परवाना शुल्काशिवाय असे केंद्र चालवू शकतो, आणि कोण जोडला याची नोंद योजनेच्या रीतीने राहते. उघडे यंत्र ठेवून परोपकार करण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ बरा.

शेवटी एक सूचना. मध्यप्रांताच्या काळातील बंदोबस्ताच्या दफ्तरांत वाजिब-उल-अर्ज म्हणून कागद आहेत. पाणी कोणी सोडावे, कोणी अडवू नये, वाट कोठून असावी, अशा वहिवाटी त्यांत लिहिलेल्या आढळतात. नेटच्या यंत्राविषयीही प्रत्येक संस्थेने अशी एक साधी वही ठेवावी. तीत यंत्राचे नाव व बसविल्याची तारीख, नेट पुरविणाऱ्याची नाव-निशाणी व तक्रारीचा दूरध्वनी, दोन्ही यंत्रांचे क्रमांक, डीएनएसचा आकडा, आणि पासवर्ड केव्हा व कोणी बदलला, हे लिहावे. प्रत्यक्ष पासवर्ड बंद लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवावेत. यंत्राची मांडणी एकाच जबाबदार माणसाने पाहावी, आणि त्याच्या गैरहजेरीत कोण, हेही सभेत ठरवावे. नोकर बदलला की दोन्ही पासवर्ड बदलावेत. महिन्यातून एकदा मांडणी उघडून डीएनएसचा आकडा वहीतल्याशी ताडून पाहावा. त्यात फरक दिसला तर नेट पुरविणाऱ्यास विचारावे. कोणाच्या खात्यातून पैसे गेल्याचा संशय आला, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेसही सांगावे. पहिल्या काही तासांतच पैसे अडविण्याचा संभव अधिक असतो.

या सर्व कामास एक निवांत दुपार लागते. धान निसवण्याच्या सुमारास, खरेदीची गर्दी सुरू होण्यापूर्वी, ती दुपार काढावी. ज्या कार्यालयात यंत्र पाहणारे कोणी नाही, तेथे गावातील शिकलेल्या मुलामुलींपैकी एखाद्यास हा लेख वाचावयास द्यावा व आठही तपासण्या क्रमाने करून पाहण्यास सांगावे. त्यांना हे काम कठीण जाणार नाही.